नाटकातले कोर्ट आणि व्हरांड्यातली बाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना, ही पायरी मी वाचकांसमोर का आणून ठेवते आहे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ही म्हण ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर बांधावरून भांडणारे दोन भाऊ असावेत. चढायचे की नाही, हे त्यांच्या हाती होते. जिचा हात मोडला, जिच्या लेकराच्या अंगाला कोणी हात लावला, तिला तसे विचारून कोणी पायरी चढवीत नाही. तिच्या दारात एक दिवस कागद येतो आणि तिला जावे लागते.

असा एक कागद माझ्या हाती आला, त्यावरून हा लेख सुचला. लेख मात्र आपल्या नाटक-सिनेमांवर आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते आणि पोटासाठी बालवाडीत शिकवते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा कायद्याचा किस पाडण्याचा माझा अधिकार नाही, पण नाटक पाहण्याचा आणि मराठी वाचण्याचा तो कोणालाही आहे, तेवढ्याच बळावर लिहिते.

आमच्या शाळेत मदतनीस म्हणून एक मावशी आहेत. त्यांच्या मुलीला नवऱ्याने असे मारले की तिचा हात दोन ठिकाणी मोडला. फिर्याद झाली, नवऱ्याला अटक झाली, आणि मग बरेच महिने काहीच झाले नाही. एके दिवशी मधल्या सुटीत मावशी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. हात थरथरत होता.

"बाई, पोरीला कोर्टानं बोलावलंय. मार तिनंच खाल्ला ना? मग तिला कशाला बोलवत्यात? तिनं काय केलंय?"

कागद साक्षीच्या समन्साचा होता, आणि मराठीतच होता. तरीही मला तो दोनदा वाचावा लागला. आरंभी 'ज्याअर्थी', पुढे नावे आणि कलमे, मग कधीतरी 'त्याअर्थी', आणि शेवटी, न आल्यास वॉरंट निघेल अशी तंबी. या दोन अर्थांच्या मधल्या वाटेवर मावशींना एवढेच कळले होते, की आपल्या पोरीला आता पकडून नेणार. 'तुम्ही आरोपी नाही, तुमची हकीकत ऐकायला बोलावले आहे,' हे एक वाक्य त्या कागदावर कोठेही नव्हते.

त्या पोरीबरोबर मी चार वेळा तालुक्याच्या कोर्टात गेले. त्या चार फेऱ्यांनंतर मी आपली कोर्टाची नाटके पुन्हा वाचायला घेतली, तेव्हा ती मला निराळीच दिसू लागली.

आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक 1962 साली रंगभूमीवर आले. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका, यांचे कौतुक आमच्या आईवडिलांच्या पिढीने आम्हाला पुनःपुन्हा ऐकवले. नाटक आहेच तसे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे पिंजऱ्यात उभा आहे, एकेक साक्षीदार येतो, आपली फसवणूक सांगतो, रंगमंच फिरतो आणि ती फसवणूक आपल्या डोळ्यांसमोर घडते. मग पुन्हा कोर्ट. लखोबा आपला खटला आपणच चालवतो आणि ज्यांना फसवले त्यांनाच उलटसुलट प्रश्न विचारतो. त्याच्या हजरजबाबीपणाला नाट्यगृह खदखदा हसते.

मीही हसले होते. नाटककाराची सहानुभूती त्या फसलेल्या बायकांकडेच आहे, याविषयी मला शंका नाही. पण नाट्यगृहातून बाहेर पडताना आपल्या ओठांवर कोणाची वाक्ये असतात? लखोबाची. साक्षीला आलेल्या बायका आपण विसरतो. आपला नवरा म्हणून मिरवलेला इसम आज आपल्याला प्रश्न विचारणार आहे, हे त्यांना आधी कोणी सांगितले होते काय? 'उत्तर आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारायला सांगा,' असे कोणी त्यांच्या कानात बोलले होते काय? नाटकाला या प्रश्नांशी कर्तव्य नाही, कारण साक्षीदार तेथे विंगेतून येतो. खऱ्या कोर्टात तो व्हरांड्यातून येतो, आणि त्या व्हरांड्यात त्याने काढलेले चार तास कोणत्याही अंकात बसत नाहीत.

'शांतता! कोर्ट चालू आहे' या विजय तेंडुलकरांच्या नाटकाकडे मी वळले ती थोड्या भीतीने. 1967 साली 'रंगायन'ने ते केले आणि सुलभा देशपांड्यांनी बेणारेबाई उभी केली. बेणारेबाई शिक्षिका आहे, मीही शिक्षिका आहे. त्यामुळे ते नाटक वाचताना मी नेहमीच तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेली असते. तिच्यावर होणाऱ्या अन्यायाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एका लहानशा गोष्टीकडे बोट दाखवायचे आहे. ती गोष्ट नाटकाच्या मुळाशी असूनही तिची चर्चा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही.

ते खोटे कोर्ट मुळात भरते कशासाठी? मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली असतात. एक साक्षीदार कमी पडतो, म्हणून गावच्या सामंताला घ्यायचे ठरते. सामंत बिचारा भोळा, त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला कोर्टाची रीत कळावी, आयत्या वेळी तो गांगरू नये, म्हणून रंगीत तालमीसारखा एक लुटुपुटीचा खटला करून दाखवायचा. म्हणजे या सगळ्या क्रौर्याचा उगम एका अगदी भल्या हेतूत आहे. अजाण माणसाला कोर्ट समजावून सांगायचे आहे!

आणि समजावून कोणाला सांगितले जाते? सामंताला. त्याला जागा दाखवतात, शपथ कशी घ्यायची ते शिकवतात. बेणारे आत तोंड धुवायला गेलेली असते, तेवढ्यात आरोपी कोण आणि आरोप कोणता हे परस्पर ठरते. ती बाहेर येते तेव्हा भ्रूणहत्येचा आरोप तिच्यापुढे तयार असतो. पुढे काय होणार, साक्षीला कोण येणार, थांबायचे की जायचे, यांतले एकही तिला ठाऊक नसते. निघून जाऊ पाहते तर दाराची कडी बाहेरून लागलेली. खेळाचे नियम सर्वांना माहीत आहेत, प्रेक्षकांनासुद्धा! ज्या एका व्यक्तीचे आयुष्य पणाला लागले आहे, तिला तेवढे माहीत नाहीत. शेवटी न्यायाधीश तिला बोलायला दहा सेकंद देतात, आणि तिचे ते प्रसिद्ध स्वगत आपण ऐकतो. तेथे असलेल्यांपैकी कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट. बेणारे चौदा-पंधरा वर्षांची असताना तिच्या सख्ख्या मामाचे जे प्रकरण झाले, ते त्या कोर्टात तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले जाते. आज, 2012 च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानंतर, त्या वयाच्या मुलीची संमती कायदा विचारातच घेत नाही. आजच्या कोर्टात आरोपीच्या जागी तो मामा उभा असता, आणि बेणारे पीडित बालक ठरली असती. तेंडुलकरांनी हे कायद्याच्या पन्नासएक वर्षे आधी दाखवले. पण दाखवले ते असे, की पाहणाऱ्याला वाटावे, प्रश्न तिला बोलू देण्याचा आहे. मला आता वाटते, तो त्याच्या आधीचा आहे. जिला काही सांगितलेलेच नाही, तिला बोलू दिले तरी ती काय बोलणार?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या 2014 सालच्या चित्रपटात हा प्रश्न पहिल्यांदा मला थोडा जवळून दिसला. त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तरी आमच्या गावच्या पुष्कळ मंडळींना तो कंटाळवाणा वाटला. कॅमेरा हलत नाही, टाळ्या पडतील अशी वाक्ये नाहीत, तारखांवर तारखा पडतात. पण कोर्ट असेच असते! त्यातले दोन प्रसंग मी विसरू शकत नाही. एक बाई आपल्या कामासाठी येते. तिचा पोशाख बिनबाह्यांचा आहे म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण घेतच नाहीत, पुढची तारीख देतात. हा नियम तिला कोणी सांगितला होता? दुसरा प्रसंग गटारात मेलेल्या कामगाराच्या विधवेचा. ती पिंजऱ्यात उभी राहून नवऱ्याच्या कामाविषयी, झुरळे दिसतात की नाही यावरून तो गटारातल्या हवेची परीक्षा कशी करी याविषयी, साध्या शब्दांत सांगते. त्या कोर्टात बोलणे एका भाषेत चालते आणि न्यायाधीश टंकलेखकाला त्याचा गोषवारा इंग्रजीत सांगतात. आपल्या नवऱ्याच्या मरणाचे तेथे काय झाले, हे त्या बाईला कळले असेल, असे मला वाटत नाही. वकिलाच्या मोटारीतून परतताना ती खटल्याविषयी काही विचारत नाही, काम मिळेल का, एवढेच विचारते. ताम्हाण्यांनी तिला रडवले नाही. हा त्यांचा मोठा संयम, आणि म्हणूनच ती बाई मला आजवर पाहिलेल्या साक्षीदारांत सर्वांत खरी वाटते.

दुसऱ्यांचे दोष दाखवताना आपला झाकून ठेवू नये. माझ्या एका कादंबरीत कोर्टाचे प्रकरण आहे. त्यात पीडित मुलगी उलटतपासणीत चक्कर येऊन पडते, आणि सारे कोर्ट स्तब्ध होते. वाचकांची पत्रे आली, ते प्रकरण सर्वांना आवडले. आज ते मला वाचवत नाही. ती मुलगी कोर्टापर्यंत पोहोचली कशी, तारीख तिला कोणी कळवली, सकाळी काही खाऊन आली होती की नाही, यांतले काहीही मी मनाशी आणले नव्हते. तिची चक्कर मला हवी होती, ती मला नको होती.

मावशींच्या मुलीला चक्कर आली नाही. तिचे झाले ते असे. पहिल्या तारखेला आम्ही दहाला पोहोचलो. काळ्या कोटातले सगळेच सारखे दिसतात. एक वकील तिच्याशी फार गोड बोलले, तिनेही त्यांना भडाभडा सगळे सांगितले. ते नवऱ्याचे वकील होते. आपल्या बाजूने सरकारी वकील असतो, त्याला पैसे द्यायचे नसतात, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. बाकावर शेजारी सासू बसली होती. दुपारी पुकारा झाला तो सासरच्या आडनावाने. वर्षभर माहेरी राहिलेल्या पोरीला तो आपला वाटलाच नाही, आणि मी पाणी शोधायला गेले होते. तारीख पडली. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला आणखी काही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मध्ये, एस.टी. स्टँडवर, तिला नवरा समोरून येताना दिसला. त्याला जामीन मिळून महिना झाला होता. सगळ्या गावाला ते माहीत होते.

त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला. पंचवीस वर्षे लिहिते आहे, पण त्याला शब्द सापडला नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, कायद्यात याची सोय आहे. आहे, आणि ती पाहून मला आनंदच झाला. साक्षीदाराला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावावा, उलटतपासणीतले अवघड प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत आणि त्यांनी ते सोप्या, न लाजवणाऱ्या भाषेत विचारावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी सांगितले. लहान मुलांच्या खटल्यांत प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारावेत, मुलाला पुनःपुन्हा कोर्टात बोलावू नये, असे 2012 चा कायदा म्हणतो. त्याच कायद्याच्या 2020 च्या नियमांत तर अटक, अर्ज आणि कोर्टातले कामकाज मुलाला व पालकांना कळवत राहण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे, आणि त्यांच्या हक्कांची यादीच एका नमुन्यात छापून नियमांना जोडली आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्यात 2016 च्या जानेवारीपासून कलम 15 अ आले. त्याप्रमाणे जामिनासकट प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. बोलू-ऐकू न शकणाऱ्या एका मुलीच्या, महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली असुरक्षित साक्षीदारांसाठी निराळी केंद्रे उभारण्यास सांगितले, आणि 2022 साली त्या आदेशाची व्याप्ती वाढवली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत पीडिताला कळवावे, असे लिहिले आहे.

हे सर्व मी बारकाईने वाचले, आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, मावशींच्या मुलीसारखी, जी लहान नाही आणि जिला तो जातीचा कायदाही लागू नाही, तिला नवऱ्याच्या जामिनाची खबर द्यावी असे स्पष्ट शब्दांत मला तरी यांत कोठे सापडले नाही. दुसरी गोष्ट मी लेखिका म्हणून सांगते. ही सगळी कलमे 'कळवावे' म्हणतात, पण 'कळावे' असे म्हणत नाहीत. कागद हातात पडला की कळवले गेले. तो तिला कळला की नाही, हे कोणी पाहायचे?

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आपला आहे. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी ठरली आहे. उत्तम झाले. पण ही मराठी कोणाची? दोषारोपपत्र, सरतपासणी, जातमुचलका, तहकूब, हे शब्द चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. सुताराच्या पेटीत पटाशी असते तसे वकिलाच्या तोंडी ते असणारच. पण सुतार गिऱ्हाइकाला पटाशीची नावे ऐकवीत नाही, खुर्ची कशी होईल ते सांगतो. आपण मराठी लेखक भाषाशुद्धीवर परिसंवाद करतो, अभिजात दर्जाचे पेढे वाटतो, आणि ज्या मराठीवर एका घाबरलेल्या पोरीचा जीव टांगलेला असतो ती वाचून पाहण्याचे आपल्या मनातही येत नाही. टीकाकारांनी कवितासंग्रहांप्रमाणे एकदा समन्साच्या नमुन्याचेही परीक्षण करावे. मी वर केले ते माझ्या परीने तेच आहे.

बालवाडीत नवे मूल येते तेव्हा आम्ही काय करतो? पहिल्या दिवशी त्याला शिकवीत काहीच नाही. पाणी कोठे आहे, शू लागली तर कोणाला सांगायचे, घंटा झाली की आई कोणत्या दारातून येईल, हे दाखवतो. दोनदा दाखवतो, आणि मग त्यालाच सांगायला लावतो. त्याने बरोबर सांगितले म्हणजे कळले. एवढे केल्यावर पुष्कळ मुलांचे रडणे थांबते. आई जवळ आलेली नसतेच, ती कधी येणार हे कळलेले असते.

चौथ्या तारखेच्या आदल्या रात्री मी वहीचा एक कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. तुझ्यावर आरोप नाही. तुझा वकील सरकार देते, त्याचे नाव अमुक. त्याशिवाय स्वतःचा वकील हवा असेल तर बाईमाणसाला तो कायदेसेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, 15100 या क्रमांकावर विचारायचे. पुकारा सासरच्या नावाने होईल. प्रश्न कळला नाही तर तसे सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. उत्तर साहेबांकडे पाहून दे, नवऱ्याकडे पाहायची गरज नाही. तुझ्या खटल्याला सोळा अक्षरांचा एक क्रमांक आहे, तो घातला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते, तो हा. मी तो कागद तिला वाचून दाखवला, मग तिच्याकडून म्हणवून घेतला. मावशी शेजारी भाकरी थापत ऐकत होत्या.

सगळे ऐकून पोरगी म्हणाली, "बाई, सासू कुठं बसती तेबी लिहा. म्हंजे मी दुसऱ्या बाजूला बसंन."

ते मला सुचले नव्हते. मी लिहिले.

दुसऱ्या दिवशी तिची साक्ष झाली. पाऊण तास ती उभी होती. दोन वेळा 'प्रश्न कळला नाही' म्हणाली, आणि दोन्ही वेळा साहेबांनी तो वकिलांना सोपा करून विचारायला लावला. खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही, तेव्हा या गोष्टीला मी शेवट देऊ शकत नाही. तो कागद घडी करून तिने पाकिटात ठेवला आहे. परवा मावशी म्हणाल्या, शेजारच्या आळीतल्या एका बाईलाही समन्स आले आहे, तर बाई, आणखी एक लिहून द्याल का. मी दिला. या खेपेला सासूची जागा नव्हती, कारण तिची भीती निराळी होती. ती काय, हे आधी तिला विचारून घेतले.